बीचला टांग, सायकलवर टांग!

आयलंड हॉलिडे म्हणजे नुसतं वाळूत लोळणं नव्हे. स्पेनच्या मायोर्का बेटावर गाईडसोबत रोड सायकलिंगला निघालं की सुट्टीचा सगळा मूडच बदलतो. त्यात सोबत चौसष्ट वर्षांचे बाबा असतील, तर विचारूच नका...

आयलंड हॉलिडेचा आपला फॉर्म्युला ठरलेला आहे. उशिरा उठायचं, हॉटेलच्या बुफेवर तुटून पडायचं, दुपारी पूल, संध्याकाळी बीच, रात्री फोटो अपलोड. चौथ्या दिवशी बोअर व्हायला लागलं की शॉपिंग. बाली असो, फुकेत असो की मॉरिशस, फक्त बॅकड्रॉप बदलतो.

मायोर्कात मात्र पहिल्याच सकाळी हा फॉर्म्युला बोंबलतो. चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभं राहावं, तर खालच्या रस्त्यावरून सूंऽऽ करत सायकलींचे थवे चाललेले असतात. दहाचा एक ग्रुप, मग पंधराचा, मग चौघी मैत्रिणी, मग सत्तरीचे दोन आजोबा, एकसारख्या निळ्या जर्सीत. हॉटेलात सायकलींसाठी वेगळी कुलूपबंद खोली, तिथे टायरमध्ये हवा भरायला पंप आणि किरकोळ दुरुस्तीची हत्यारं. नाश्त्याला अर्धी गर्दी टाइट शॉर्ट्समध्ये. आपण बर्म्युडा आणि चप्पल घालून गेलो की आपणच ऑड मॅन आऊट!

आम्ही गेलो होतो ऑक्टोबरमध्ये. दादा म्युनिकला आयटीत आहे आणि जर्मन लोकांसाठी मायोर्का म्हणजे मुंबई-पुणेकरांसाठी गोवा. दोन तासांची फ्लाईट, की पोचलेच. त्यामुळे दादा-वहिनी आणि पुतण्या तिकडून, मी आणि आई-बाबा पुण्याहून, असं सगळं खटलं बेटाच्या उत्तरेच्या पोर्त दे पोयेन्सा नावाच्या टुमदार गावात जमलो. घोड्याच्या नालेसारखा शांत उपसागर, मागे डोंगर. आईचा पहिला शेरा : 'पाणी किती स्वच्छ आहे गं, आणि एकही भेळवाला नाही!'

गोव्याशी तुलना नुसती मूडचीच नाही. मायोर्काचं क्षेत्रफळ साधारण ३,६४० चौरस किलोमीटर, गोव्याचं ३,७०२. जवळजवळ जुळी भावंडंच. बेटाचा मधला भाग सपाट. बदामाच्या बागा, पवनचक्क्या, दगडी भिंतींमधून जाणाऱ्या चिंचोळ्या गल्ल्या. आणि वायव्येला समुद्राच्या कडेकडेनं उभी सेरा दे त्रामुंताना ही डोंगररांग. युनेस्कोनं २०११ साली तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते माणसानं घडवलेल्या निसर्गासाठी. शेकडो वर्षं लोकांनी चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं केली, पाणी खेळवलं, ऑलिव्ह लावले. सर्वांत उंच शिखर पुइग मायोर हे १,४०० मीटरच्या थोडं वर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सरसच. पण कळसूबाईच्या पायथ्याशी समुद्र नाही ना, राव!

सायकलवाल्यांना नेमकं हेच हवं असतं. एका दिवसात सपाटी, घाट आणि समुद्र, वर युरोप गोठलेला असताना इथे कोवळं ऊन. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत प्रोफेशनल टीम्स इथे सरावाला येतात. १९९२ पासून सीझनच्या सुरुवातीला मायोर्का चॅलेंज नावाच्या शर्यती होतात. २०१२ ची 'टूर द फ्रान्स' जिंकणारा ब्रॅडली विगिन्स याच रस्त्यांवर घाम गाळून गेला होता. बरं, हे सगळं बाहेरून आलेलं फॅड नाही. मोटरसायकलच्या मागे सायकल पळवण्याच्या थरारक प्रकारात १९५५ ते १९६५ दरम्यान सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला गिलेम तिमोनेर इथलाच, आणि सिडनी व बीजिंग अशा दोन ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवर गोल्ड मिळवणारा जोआन यानेरासही इथलाच. आपल्याला मात्र मायोर्काचा एकच माणूस ठाऊक असतो, राफा नदाल. त्याचं मनाकोर आमच्या गावापासून गाडीनं तासाभरावर.

गाईड कशाला हवा?

हा प्रश्न आईनं विचारला. 'रस्ता दिसतोय की समोर. वर पैसे मोजून वाट दाखवायला माणूस?'

प्रश्न रास्त आहे. उत्तर पहिल्या राऊंडअबाऊटलाच मिळतं. इथे वाहतूक उजवीकडून. आपलं डोकं पुण्याचं, म्हणजे मुळात डावीकडचं आणि प्रत्यक्षात वाट्टेल तिकडचं! गाईड पुढे असेल तर डोकं गहाण ठेवता येतं. शिवाय स्पेनचा नियम भन्नाट आहे. सायकलींचा ग्रुप म्हणजे एकच वाहन. पहिला सायकलस्वार चौकात शिरला की शेवटचा बाहेर पडेपर्यंत गाड्यांनी थांबायचं. ओव्हरटेक करताना गाडीवाल्यानं किमान दीड मीटर अंतर ठेवायचं. आणि ते ठेवतात हो! एक ट्रकवाला वळण संपेपर्यंत आमच्या मागे मुंगीच्या वेगानं आला, एकदाही हॉर्न न वाजवता. मला तर अपराधी वाटायला लागलं. गावाबाहेर हेल्मेट मात्र सक्तीचं.

दुसरं कारण वारा. सायकलवर खरी मारामारी चढाशी कमी आणि वाऱ्याशी जास्त. वेग वाढतो तसा हवेचा अडथळा दामदुपटीनं वाढतो. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून चिकटलं की मागच्याची बरीच ताकद वाचते, पण त्यासाठी पुढच्यानं खड्डा, खडी, कुत्रं, सगळं हातानं दाखवावं लागतं. गाईड ही सगळी खाणाखुणांची भाषा निघण्याआधी दहा मिनिटांत शिकवते.

शिकवते, कारण आमची गाईड बाई होती. चाळिशीची, रापलेली, पोटऱ्या बघून दादाला कॉम्प्लेक्स आला. भाषा मायोर्की कॅटलान, पण इंग्रजी झकास.

दादाचा प्लॅन वेगळाच होता. त्याला जायचं होतं सा कालोब्राला. हे नाव सायकलवाले जरा आवाज खाली आणूनच घेतात. अंतोनिओ पारिएत्ती नावाच्या इंजिनिअरनं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेला हा रस्ता डोंगरावरून थेट समुद्राकडे कोसळतो. साधारण साडेनऊ किलोमीटर, सरासरी चढ ७ टक्के, एकही बोगदा नाही. एका ठिकाणी उतार साधायला जागाच नव्हती, म्हणून त्यानं रस्त्याला गोल गिरकी देऊन त्याच्याच पोटाखालून नेलं. तिथले लोक त्या जागेला टायची गाठ म्हणतात. आणि गंमत म्हणजे खाली रस्ता संपतो! म्हणजे आधी मजेत उतरायचं आणि मग तेवढंच वर चढून यायचं. आधी भोग, मग कर्म. (दादानं ते दोन दिवसांनी केलं. परत आल्यावर तो पुतण्याशीसुद्धा बोलला नाही, थेट झोपला.)

पण त्याआधी घरातला बॉम्ब फुटायचा होता.

'मीही येतो'

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला बाबा शांतपणे म्हणाले, 'उद्या तुमच्याबरोबर मीही येतो.'

आईनं टोस्ट खाली ठेवला. काही बोलली नाही. आमच्या घरात आई बोलली नाही की ते नाहीच असतं.

बाबांची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. त्याआधी माणूस कायम सायकलवर. कोथरूडहून खडकीच्या फॅक्टरीत जाऊन-येऊन, पावसाळ्यात प्लास्टिकचा रेनकोट, थंडीत कानटोपी. पुणं सायकलींचं शहर होतं त्या पिढीतले ते. सगळ्यांनी स्कूटर घेतल्या, बाबांनी नवी ॲटलस घेतली. रिटायर झाल्यावरही रोज पहाटे फेरी. आणि मग हॉस्पिटल, दोन स्टेंट, आणि पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली गेलेली सायकल. स्ट्रेस टेस्ट चांगली आली होती, डॉक्टरांनी चालण्याला आणि हलक्या व्यायामाला कधीच हिरवा कंदील दिला होता. पण ताडपत्री निघाली नाही. तो निर्णय डॉक्टरांचा नव्हता.

बाबा रोज सकाळी बाल्कनीत का उभे राहतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या निळ्या जर्सीतल्या आजोबांसाठी!

दादानं लगेच गाईडला फोन लावला. मला वाटलं, ती सरळ नाही म्हणेल. तिनं तीन प्रश्न विचारले. कधी झालं? औषधं कोणती? डॉक्टर काय म्हणतात? मग म्हणाली, डॉक्टरांचा होकार लेखी द्या, तोवर मी हो म्हणणार नाही. पुण्यातल्या डॉक्टरांना मेसेज गेला. उत्तर संध्याकाळपर्यंत आलं. जाऊ द्या, चढावर जोर लावायचा नाही, गोळ्या आणि स्प्रे खिशात, छातीत काहीही वाटलं तर उतरायचं. आणि खाली एक ओळ : 'घड्याळातले ठोके बघू नका. त्यांची गोळी ठोके वाढूच देत नाही. बोलता येतंय का, ते बघा.'

हा फंडा मला माहीत नव्हता. बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर हृदयाची गती दाबलेलीच असते. छातीला पट्टा बांधून स्क्रीनवर ११० बघितलं आणि 'ऑल इज वेल' म्हटलं, असं चालत नाही. त्यापेक्षा साधी कसोटी : माणूस चढावर पूर्ण वाक्य बोलतोय ना? शब्दागणिक धाप लागली की थांबायचं. दादाचा महागडा पट्टा बॅगेतच राहिला.

राहिला प्रश्न सायकलचा. गाईडनं सुचवली ई-रोड बाईक. दिसायला साधी, नळीत लपलेली बॅटरी, पेडल मारलं तरच मोटर मदत करणार. युरोपच्या नियमाप्रमाणे मोटर २५० वॉटची आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे मदत बंद. बाबांचा चेहरा पडला. 'म्हणजे लूनाच की!' शेवटी गाईड म्हणाली, मोटर बंद ठेवा, पण असू द्या, माझ्या समाधानासाठी. 'बंद' या शब्दावर तडजोड झाली.

आणि आई? आईनं रात्री वहिनीला एवढंच विचारलं, 'तो डोंगरावरचा मठ, तिथवर गाडी जाते ना?'

पोक अ पोक

रूट होता साधारण ६० किलोमीटरचा. पोर्त दे पोयेन्साहून पोयेन्सा गाव, तिथून कोल दे फेमेनिया ही खिंड, पुढे युकचा मठ, मग काइमारीकडे उतार आणि कांपानेतवरून आतल्या गल्ल्यांनी परत. फेमेनियाचा चढ साडेसात किलोमीटरच्या आसपास, सरासरी साडेपाच टक्के, माथा ५१५ मीटरवर. सिंहगड रोजच्या रोज मारणाऱ्यांना हा चढ म्हणजे किरकोळ. पण ज्याच्या सायकलीवर तीन वर्षं ताडपत्री आहे, त्याच्यासाठी हिमालय.

नऊ वाजता निघालो. गाईड, आम्ही तिघं आणि लीड्सचं एक मध्यमवयीन जोडपं. पहिले सहा-सात किलोमीटर सपाट. बाबा वाकड्या हँडलवर आधी जरा बावरले, मग पाठ आपोआप वाकली आणि पाय गोल फिरायला लागले. चाळीस वर्षांची सवय कुठे जाते? मी मात्र क्लीट्सवाले बूट घालून पहिल्या सिग्नलला कशीबशी वाचले.

गाव संपलं आणि चढ सुरू झाला. गाईडनं कामं वाटून दिली. दादा आणि लीड्सवाले पुढे, ती मध्ये, आणि मी बाबांच्या शेजारी. माझं काम एकच, बाबांना बोलतं ठेवायचं. पत्रकार आहे म्हटल्यावर तिला वाटलं, हिला जमेल!

'पोक अ पोक,' ती बाबांना म्हणाली. म्हणजे हळूहळू. बाबांनी तो मंत्र लगेच उचलला.

मी आपले प्रश्न काढत गेले. पहिली सायकल केवढ्याला? डबलसीट पकडलं की पोलीस काय करायचे? डायनॅमो बिघडला की? बाबा सुटले. डबलसीटवाला चौकाच्या अलीकडे उतरून, सभ्यपणे चालत पुढे जाऊन, पलीकडे परत कसा बसायचा, शिफ्ट सुटली की खडकीच्या रस्त्यावर नुसत्या सायकलीच सायकली कशा असायच्या, असं सगळं. दोन्हीकडे होल्म ओकची झाडं, उन्हाचे कवडसे, कुठेतरी मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा. चढ जाणवत होता, पण वाक्यं पूर्ण होत होती.

मग एका वळणावर बाबा एकदम म्हणाले, 'त्या वेळी सायकलवरच दुखलं होतं.'

'कधी?'

'ॲडमिट झालो त्याच्या दोन दिवस आधी. चांदणी चौकाच्या चढावर. उतरलो, कठड्यावर बसलो दहा मिनिटं. थांबलं. घरी आलो.'

'पण तुम्ही तर म्हणाला होतात, जिना चढताना...'

'ते नंतरचं. आधी हे. सांगितलं असतं तर तुझ्या आईनं सायकल भंगारात दिली असती.'

नियम असा होता की बाबांनी गप्प व्हायचं नाही. गप्प मी झाले. दोन दिवस! त्या दोन दिवसांत ते मंडईत गेले होते, गॅसचा सिलिंडर उचलला होता, माझ्याशी फोनवर क्रिकेटवर बोलले होते.

गाईडनं मागे वळून पाहिलं. आमचं बोलणं थांबलेलं तिच्या बरोबर लक्षात आलं. 'ओके?'

'ओके,' बाबा म्हणाले. 'पोक अ पोक.'

पुढच्या वळणावर तिनं सगळ्यांना थांबवलं. काही कारण दिलं नाही. केळी वाटली, पाणी प्यायला लावलं, बाबांना दरीपलीकडची शेतं दाखवत त्यांच्याशी दोन मिनिटं बोलत राहिली. ती शेतं बघत नव्हती, बाबांचा श्वास ऐकत होती. गाईडला पैसे कशाचे द्यायचे, ते मला तिथे कळलं.

माथ्यावर पाटी आहे, तिथे सगळे फोटो काढतात. आम्हीही काढला. बाबांनी खिशातून रुमाल काढून आधी तोंड पुसलं, भांग नीट केला आणि मग हेल्मेट परत घातलं.

मठातली कॉफी

पुढे वर-खाली होत रस्ता युकला पोचतो. हे बेटाचं पंढरपूर म्हणा ना. मठातली मेरीची मूर्ती काळीसावळी, आणि ऑगस्टमध्ये पाल्मा शहरातून हजारो लोक रात्रभर चालत इथे येतात. आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, 'म्हणजे वारीच की!' ती अंगणातल्या बाकावर बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. किती वेळ बसली होती कोण जाणे. वहिनी पुतण्याच्या मागे धावत होती.

बाबा कॉफीच्या रांगेत गेले. आईनं मला विचारलं, 'चांदणी चौकाचं सांगितलं का तुला?'

मी बघतच राहिले. 'तुला माहितीये?'

'ॲडमिट करताना डॉक्टरांना सांगत होते. मी पडद्याच्या अलीकडे होते.'

'मग तीन वर्षं बोलली का नाहीस?'

'मला त्यांनी सांगायला हवं ना,' आई म्हणाली. 'दुखलं तर सांगतील, एवढा भरवसा आला असता, तर मीच ताडपत्री काढली असती.'

बाबा दोन कप घेऊन येत होते. मी तिथून उठले आणि सगळ्यांच्या बाटल्या भरायला गेले. सहा बाटल्या भरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ लावला. लांबून एवढंच दिसलं की बाबा बराच वेळ बोलत होते आणि आई कपाकडे बघत होती. मी परत आले तेव्हा ती बाबांच्या जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढून देत होती. 'उतारावर गार लागेल,' म्हणाली. 'आणि गाडी काइमारीला थांबवतेय मी. तिथे मला दिसलं पाहिजे तुमचं तोंड.'

काइमारीचा उतार हा या राईडचा बोनस आहे. ऑलिव्हच्या शेतांमधून आठेक किलोमीटर वळणंच वळणं. गाईडच्या सूचना दोनच : ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही, आणि नजर चाकासमोर नाही, वळण जिथे सुटतं तिथे. दादा बाणासारखा सुटला. बाबा आरामात, दोन्ही ब्रेकांवर बोटं ठेवून. गावाच्या तोंडाशी आई उभी होती. बाबांनी वेग कमी केला, हात केला आणि न थांबता पुढे गेले.

बेकरीबद्दल एक सांगायचं राहिलं. मायोर्कात सायकलवाले कॉफीबरोबर एन्साइमादा खातात, गोल गुंडाळलेली, साखर भुरभुरलेली, कापसासारखी पेस्ट्री. दिसते भारी, पण नावातला 'साइम' म्हणजे डुकराची चरबी. शाकाहारी असाल तर 'पा अम्ब ओली' मागा : पावावर टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह ऑइल. वरून हॅम घालू नका, हे मात्र आधीच सांगा.

जायचंच असेल तर मार्च ते मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही मरणाची. शेंगेन व्हिसा लागतो. एप्रिलमध्ये '३१२' नावाची ३१२ किलोमीटरची भलीमोठी राईड असते, त्या आठवड्यात हॉटेल आणि सायकल दोन्ही मिळणं अवघड. भाड्याची सायकल आधीच बुक करा, उंची आणि पायाचं माप कळवा, स्वतःची पेडल नेलीत तर उत्तम. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये सायकलिंग आणि जुने आजार दोन्ही कव्हर होतात का, ते बारीक अक्षरांत वाचा. पहिल्यांदाच जात असाल तर सा कालोब्राच्या नादी न लागता फोर्मेंतोरच्या दीपगृहाचा रस्ता करा. १८६३ सालचं दीपगृह, दोन्हीकडे खाली समुद्र, आणि हा रस्ताही त्याच पारिएत्तीचा. उन्हाळ्यात तिथे दिवसा खासगी गाड्यांवर निर्बंध असतात, म्हणजे रस्ता तुमचाच.

अडीचच्या सुमारास आम्ही पोर्त दे पोयेन्सात परत आलो. सायकली दुकानात लावल्या. गाईडनं बाबांशी हात मिळवला, मग त्यांची सायकल चार्जिंगला लावताना नळीवरचं बटण दाबलं. पाच दिव्यांपैकी दोनच लागले.

आई लगेच म्हणाली, 'बंद होती ना?'

'ती सकाळीच तेवढी असेल,' बाबा म्हणाले आणि बूट सोडायला खाली वाकले.